खोकल्याची बाटली आणि शुगरची गोळी

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. दुकान उघडण्याआधी तासभर लिहीन म्हणून बसलो, ती दोन दिवस पुरली. जमेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा. विषय आपल्याच घरातला आहे.

माझ्या मेडिकलच्या काउंटरखाली एक जाड वही आहे. आम्ही तिला एच-वन रजिस्टर म्हणतो. १ मार्च २०१४ पासून सरकारने नियम केला, की टीबीची औषधं आणि काही भारी अँटिबायोटिक विकली की रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध कोणतं, किती दिलं, हे सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. २०१८ पासून तर टीबीचा रुग्ण कळवणं आम्हा औषध दुकानदारांवरही बंधनकारक झालं. शुगरच्या गोळ्यांसाठी अशी वही नाही. त्या उधारीच्या वहीत असतात. म्हणजे एकच माणूस माझ्याकडे दोन आजारांची औषधं नेत असेल, तर त्याचं नाव दोन वेगळ्या वह्यांत. आणि त्या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत.

हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं, ते आधी सांगतो.

आमच्या गल्लीत एक आप्पा होते. वडिलांचे मित्र. मार्केट यार्डात हमाली करून पोरांना शिकवलं. नऊ-दहा वर्षांपासून शुगर. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या न्यायला यायचे, बाकावर बसायचे, पेपर वाचून जायचे. २०१३ च्या पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. मी खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. पंधरा दिवसांनी दुसरी दिली. गणपतीच्या सुमारास तिसरी. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. मी म्हणालो, "आप्पा, तब्येत उतरली तुमची." ते हसले. "शुगरमा माणूस वायसच रे भाऊ."

मला ते पटलं. शुगरवाला माणूस वाळतोच, असं मीही समजत होतो. मी डी.फार्म. झालेलो, तरी.

दिवाळीनंतर थुंकीत रक्त आलं तेव्हा तपासणी झाली. टीबी निघाला. त्या वेळी एक दिवसाआड गोळ्यांचा लाल डबा मिळायचा, तो सुरू झाला. शुगरची गोळी माझ्याकडून चालूच होती, तीच, तेवढीच. महिनाभरात त्यांना सारखी तहान लागायला लागली, रात्री पाच-सहा वेळा उठणं सुरू झालं. सगळे म्हणाले, टीबीच्या गोळ्या गरम पडतात. डबा देणाऱ्याने शुगरचं विचारलं नाही, शुगरवाल्या डॉक्टरला टीबीचं कोणी सांगितलं नाही, आणि दोन्ही ज्याच्या डोळ्यांसमोर होतं तो मी, मी पैसे मोजून घेत होतो. चौथ्या महिन्यात आप्पा गेले.

कोणावर खापर फोडायला हे लिहीत नाही. पहिलं बोट माझ्याकडेच आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून गेला नाही : हे दोन आजार एकमेकांना ओळखतात, ही गोष्ट जगाला कधीपासून माहीत होती? आणि माहीत होती, तर आपल्या गल्लीपर्यंत का पोचली नाही? त्यासाठी जे वाचलं, ते आज मांडतो.

जुन्या वैद्यांपासून

दोन्ही आजार आपल्याकडे नवे नाहीत. टीबीला आपल्या जुन्या वैद्यकात राजयक्ष्मा म्हणत. चरकसंहितेत त्याची चार कारणं दिली आहेत : ताकदीबाहेर कष्ट करणं, शरीराचे वेग दाबून ठेवणं, शरीर झिजणं आणि वेळी-अवेळी, उलटसुलट खाणं. मार्केट यार्डातल्या हमालाचं वर्णन वाटावं अशी ही यादी आहे. मधुमेहाला प्रमेहाच्या वीस प्रकारांत जागा आहे. सुश्रुताने त्यातही दोन जातीचे रुग्ण सांगितले, एक जन्मतःच आजार घेऊन आलेला आणि दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. मधुमेह्याला फुप्फुसाचा क्षय जडतो, हे इब्न सिना या हकिमाने हजार वर्षांपूर्वी नोंदवलं होतं, असं वैद्यकाचे इतिहासकार सांगतात.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात हे दोन आजार दोन मोठ्या नावांना चिकटलेले आहेत. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू २४ मार्च १८८२ ला जगाला दाखवला होता, पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलं नव्हतं. दुसरं नाव लोकमान्य टिळकांचं. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढली ती मधुमेह सांभाळत, पथ्यावर. इन्सुलिन तेव्हा नव्हतंच. टिळक १९२० मध्ये गेले, टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं १९२१ मध्ये आणि पहिल्या रुग्णाला ते दिलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये.

इन्सुलिन आल्यावर मधुमेही जास्त जगायला लागले आणि दुसरी गोष्ट उघडी पडली. अमेरिकेत बोस्टनला जोस्लिन यांचा मधुमेहाचा नामांकित दवाखाना होता. तिथल्या डॉ. हॉवर्ड रूट यांनी १९३४ मध्ये मधुमेह आणि क्षय यांच्या नात्यावर सविस्तर लिहिलं. म्हणजे आप्पा गेले त्याच्या ऐंशी वर्षं आधी ही गोष्ट छापून आली होती.

घराच्या दारात आलेला उपचार

आता आपल्या देशात या. पूर्वी टीबी म्हटलं की सॅनेटोरियम. मिरजेजवळचं वानलेसवाडी, मुंबईचं शिवडी, पुण्याचं औंध ही नावं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पाठ होती. ज्याची ऐपत तो हवापालटाला जाई, बाकीचे ओसरीच्या कोपऱ्यात खोकत पडत. त्यांचं ताट वेगळं, गडवा वेगळा.

१९४४ च्या सुमाराला स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, आणि क्षय औषधाने बरा होऊ शकतो हे दिसलं. पण एवढ्या मोठ्या देशात खाटा आणायच्या कुठून? १९५५ ते १९५८ या काळात देशभर टीबीची पाहणी झाली, तेव्हा अजून एक समज मोडला. टीबी म्हणजे गिरणगावचा, शहराच्या कोंदट चाळींचा रोग, असं मानलं जाई. पाहणीत दिसलं की खेड्यांतही तो जवळजवळ तेवढाच आहे.

मग मद्रासला १९५६ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. टीबीचे गरीब वस्तीतले रुग्ण घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं : खाट, आराम, चांगलं जेवण. काहींना घरीच राहू दिलं : तीच गर्दी, तेच अपुरं खाणं, फक्त औषध नियमित. १९५९ मध्ये निकाल छापून आला. घरी राहिलेलेही सॅनेटोरियममधल्यांच्या तोडीस तोड बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरातल्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. अख्ख्या जगाने हा धडा भारताकडून घेतला. त्याच वर्षी बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

या बंगलोरच्या संस्थेतलं एक काम मला सगळ्यात जास्त लागलं. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत टीबीच्या रुग्णांना जाऊन विचारलं, की बाबांनो, तुम्ही दवाखान्यात का जात नाही? १९६३ मध्ये त्यांनी जे छापलं त्याचा सार असा, की अडाणी समजले जाणारे हे लोक गप्प बसलेलेच नव्हते. निम्म्याच्या आसपास जण आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं होतं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. १९६३ चं तुमकूर आणि २०१३ चं माझं काउंटर, मध्ये पन्नास वर्षं. बाटली तीच.

लोक येत नाहीत, लोक अडाणी आहेत, लोक उशीर करतात, असं आपण कायम म्हणतो. लोक येतात हो. दारात जो बसलाय, त्याला काय बघायचं ते शिकवलेलं नसतं.

एकाच कर्मचाऱ्याचे दोन कप्पे

दारात कोण बसतं, याचाही इतिहास आहे. पूर्वी मलेरियावाला वेगळा, देवीवाला वेगळा, कुटुंबनियोजनवाला वेगळा. आमच्या लहानपणी भिंतीवर गेरूने आकडे लिहून जाणारा मलेरियावाला तुम्हालाही आठवत असेल. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सांगितलं, की एकाच घरी चार-चार माणसं पाठवण्यापेक्षा एकच बहुउद्देशीय कर्मचारी नेमा, त्याला सगळं शिकवा. आपल्या आरोग्यसेवक-सेविका त्यातून आल्या. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार करायला सुरुवात केली. शाळेची पायरी न चढलेली बाई नीट शिकवलं तर गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे जामखेडने दाखवलं. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्राने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली आणि २००५ पासून आशाताई आल्या.

कर्मचारी एक झाला, पण वरची खाती वेगळीच राहिली. टीबीचा कार्यक्रम १९९७ पासून नव्या रूपात आला आणि २००६ पर्यंत देशभर पोचला. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर यांचा कार्यक्रम २०१० मध्ये निघाला. दोघांचे अधिकारी वेगळे, निधी वेगळा, पोर्टल वेगळं, मीटिंगची तारीख वेगळी. आशाताई मात्र एकच, आणि तिची पिशवीही एकच.

दरम्यान अभ्यास थांबले नव्हते. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २००८ मध्ये दाखवलं गेलं, की मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका सुमारे तिप्पट. २०११ मध्ये आणखी एक मोठा आढावा आला : दोन्ही असलेल्या माणसाचा उपचारादरम्यान मृत्यू होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट, आणि बरा झाल्यावर टीबी उलटण्याचा धोका जवळजवळ चौपट. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की टीबीच्या प्रत्येक रुग्णाची शुगर तपासा आणि शुगरच्या प्रत्येक रुग्णाला टीबीचं विचारा.

२०१२ मध्ये भारताने हे करून बघितलं. आठ मोठी रुग्णालयं आणि साठावर लहान केंद्रं घेतली, आठ हजारांवर टीबी रुग्ण. शंभरातल्या १३ जणांना मधुमेह निघाला. त्यातल्या आठ जणांना तो आधीच माहीत होता, पाच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. केरळात झालेल्या एका पाहणीत तर हा आकडा शंभरात ४४ निघाला होता. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन्ही कार्यक्रमांनी मिळून काम कसं करायचं याचा राष्ट्रीय आराखडाही काढला.

म्हणजे कागद तयार आहे. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात कंबरेचं माप, तंबाखू, दारू, घरात कोणाला शुगर आहे का हे विचारतात. आणि त्याच फॉर्ममध्ये पुढे दोन आठवड्यांचा खोकला, ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम हेही आहे. दोन्ही आजार एका कागदावर आलेत. एका डोक्यात आले का, हा प्रश्न आहे. आमच्या भागातल्या एका ताईंना मी विचारलं, हे दोन्ही एकाच कागदावर का असेल? त्या म्हणाल्या, "दादा, फॉर्म भरायला शिकवलं. का भरायचा ते सांगायला वेळ नव्हता."

मग शिकवायचं काय?

प्रशिक्षण म्हटलं की आपल्यासमोर येतं ते हॉल, प्रोजेक्टर, चहा-बिस्कीट आणि हजेरीपटावर सही. त्याने काही होत नाही. मला जे समजलं, त्यावरून शिकवण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. आशाताई, नर्सताई, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, लॅबवाले आणि आम्ही मेडिकलवाले, सगळ्यांना त्या सारख्याच माहीत हव्यात.

एक. रक्तात साखर सतत चढलेली असली, की जंतूंना आवरून धरणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. आपल्यातल्या कित्येकांच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला असतो. पहारा ढिला झाला की तो उठतो. उलटही होतं : टीबीच्या तापात साखर वर जाते, कधी उपचार सुरू झाल्यावर पुन्हा खाली येते. म्हणून साखर एकदा तपासून भागत नाही, मधेमधे बघावी लागते.

दोन. शुगरवाला वाळतो तेव्हा दरवेळी शुगरच कारण असते असं नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा वजन कारणाशिवाय उतरलं, तर थुंकी आणि छातीचा एक्स-रे. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची पाहणी झाली, तेव्हा सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांवर फक्त एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटले असते.

तीन. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन, ज्याने लघवी केशरी होते, ते लिव्हरचं काम इतकं जलद करतं, की शुगरच्या काही गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात. गोळी तीच, पण असर अर्धामुर्धा. आप्पांची गोळी ग्लिबेनक्लामाइड होती, नेमकी त्याच जातीतली. अशा वेळी डॉक्टर मेटफॉर्मिन वाढवतात किंवा इन्सुलिन देतात. हे ठरवणं डॉक्टरचंच काम. पण "यांना दोन्ही आहे" हे डॉक्टरला सांगणं आशाताईचं आणि माझं काम आहे. मी ते केलं नाही.

चार. हातपायांना मुंग्या. मधुमेहाने येतात, आणि टीबीच्या आयसोनियाझिडनेही येतात. दोन्ही असले तर त्रास जास्त. त्यासाठी बी-सिक्स जीवनसत्त्वाची साधी गोळी असते. पायांकडे बघायला शिकवलं पाहिजे, कारण मुंग्या येणाऱ्या पायाला शेतात काटा मोडला तरी कळत नाही.

पाच. ही खास आपल्या सातपुड्यासाठी. तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीएवनसी तपासणी हल्ली सगळीकडे चालते. पण ती तांबड्या पेशींवर अवलंबून असते. आपल्या भिल्ल, पावरा बांधवांत सिकलसेल आहे, अंगात रक्त कमी असण्याचं प्रमाणही आहे. अशा माणसात ही तपासणी चुकीचं उत्तर देऊ शकते. तिथे उपाशीपोटीची साखर जास्त भरवशाची. शहरात लिहिलेली चोपडी इथे जशीच्या तशी चालत नाही.

सहा. जेवण. टीबीवाल्याला आपण सांगतो, खा बाबा, दूध, केळी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू खा. शुगरवाल्याला सांगतो, तोंड आवर. ज्याला दोन्ही आहे त्याने काय करायचं? आप्पांच्या घरी सून एक म्हणायची, मुलगा दुसरं, आणि त्या ओढाताणीत आप्पा जेवायचेच कमी. खरं उत्तर आपल्या चुलीपाशीच आहे : कळण्याची भाकरी, उडदाची-तुरीची डाळ, अंडं, शेंगदाणे, भाजी. पोटभर, पण गोड सोडून. सरकार टीबी रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. त्या हजारात काय घ्यायचं, हे सांगणारं माणूस हवं.

आपलं शिरपूर

कोणी म्हणेल, शुगर शहरात असेल, पाड्यावर कुठे? आप्पाही हेच म्हणायचे, "टीबी गरीबस्ना रोग, शुगर मोठा लोकेस्ना." आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ मध्ये आकडा आला, देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह. दहा कोटी मोठे लोक या देशात आहेत कुठे? आणि जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांतला एक भारतातला. हे दोन आकडे एकमेकांना कुठे ना कुठे भेटणारच.

आपला तालुका बघा. खाली तापीकाठी थाळनेर, मधून मुंबई-आग्रा रस्ता, वर पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं ऊसतोडीला, गुजरातेत कामाला जातात, होळीला परत येतात. टीबीचं औषध किमान सहा महिने चालतं, शुगरचं आयुष्यभर. माणूस दोन राज्यं ओलांडतो आणि त्याची फाइल उपकेंद्राच्या कपाटात राहते. ज्या मजुराला दोन्ही आजार आहेत, त्याच्या खिशात साध्या अक्षरात एक चिठ्ठी असली पाहिजे : मला टीबी आहे, मला शुगर आहे, या गोळ्या चालू आहेत. ती चिठ्ठी लिहून देणं हेही शिकवावं लागतं.

एक आक्षेप मला मान्य आहे. आशाताईंवर किती लादणार? गरोदर माता त्यांनी बघायच्या, लसीकरण त्यांनी, सर्व्हे त्यांनी, मोबाइलवर माहिती त्यांनीच भरायची. २०२३-२४ च्या हिवाळ्यात राज्यभरातल्या आशाताईंना मोबदल्यासाठी संप करावा लागला, हे आपण विसरलो नाही. त्यांच्या डोक्यावर नवी पाटी ठेवा, असं मी म्हणत नाही. दोन वेळा विचारायचं ते एकदा विचारा, दोन मीटिंगा आहेत त्याची एक करा, दोन ठिकाणी पाठवायचं त्या माणसाला एकाच दिवशी एकाच ठिकाणी तपासा. मिळून काम करणं याचा अर्थ काम कमी व्हायला हवं, आणि जे वाढेल त्याचे पैसे मिळायला हवेत. हे नसेल तर २०१७ चा आराखडा आणखी दहा वर्षं फाइलीतच राहील. २०२५ पर्यंत टीबी संपवायचं देशाने ठरवलं होतं. दर लाखामागे नव्या रुग्णांचा आकडा २०१५ मध्ये २३७ होता, तो २०२३ मध्ये १९५ वर आला. उतरला, पण संपला नाही.

तुम्ही-आम्ही काय करायचं

टीबीमुक्त पंचायत अभियान २०२३ पासून सुरू आहे. तुमच्या ग्रामसभेत त्याचा विषय निघाला की फक्त दोन प्रश्न विचारा. आपल्या गावातल्या टीबीच्या किती रुग्णांची शुगर तपासली? आणि शुगरच्या किती रुग्णांना खोकल्याचं, वजनाचं विचारलं? नावं विचारू नका, कोणाची अब्रू काढू नका. फक्त आकडे. उत्तर नसेल तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. विचारणारा असला की वही भरली जाते, आणि वही भरायची म्हटलं की कोणीतरी शिकवायला येतं.

घरात शुगरचा माणूस असेल आणि खोकला पंधरा दिवसांवर गेला, तर माझ्यासारख्याकडे बाटली मागायला येऊ नका. सरकारी दवाखान्यात थुंकी फुकट तपासतात.

आणि मेडिकलवाल्या माझ्या भावांनो, आपण फार्मासिस्ट आहोत. आपल्या शिरपुरात फार्मसीचं शिक्षण मिळतं याचा आपल्याला अभिमान आहे, तो काउंटरवर दिसू द्या. मी आता एक साधी गोष्ट करतो. एच-वन वहीत टीबीच्या औषधाची नोंद करताना विचारतो, "शुगर तपासली का?" आणि शुगरच्या गोळ्या देताना विचारतो, "खोकला, वजन ठीक ना?" ज्याला दोन्ही असेल त्याच्या हातात कागद देतो : डॉक्टरला हे दाखवा. पाच मिनिटंही लागत नाहीत. कोणी चिडतं, कोणी हसतं. मागच्या वर्षी एक जण दहा दिवसांनी परत आला. एक्स-रेत डाग निघाला होता. उपचार सुरू झाले, शुगरची गोळी डॉक्टरांनी बदलली. आता बरा आहे, बाकावर बसून पेपर वाचतो.

आप्पांची शेवटची उधारी माझ्या वहीत अजून तशीच आहे. एकशे चाळीस रुपये. त्यातली एक ओळ खोकल्याच्या बाटलीची आहे. मुलगा दोनदा पैसे द्यायला आला, मी घेतले नाहीत.

तुमच्या गावात दोन्ही तपासण्या एकत्र होत असतील तर खाली जरूर लिहा, कुठे आणि कशा होतात ते. होत नसतील तर तेही लिहा. रुग्णाचं नाव मात्र कोणीही लिहू नका.